कातडीखालचा बिल्ला

"चल हौसा, एस.टी. गाठूया."

मी दचकून वर बघितलं. ऑपरेशनच्या खोलीच्या दारात आमचे वस्ताद उभे. अंगात दवाखान्याचा हिरवा झगा, त्याच्या मागच्या नाड्या सुटलेल्या, डोक्यावर कागदी टोपी आणि पाय अनवाणी. आत गेले म्हणून मी आत्ता कुठे बाकावर नीट टेकले होते, तोवर हे बाहेर! शेजारची एक बाई तोंडाला पदर लावून हसायला लागली.

"झालं एवढ्यात?" मी विचारलं.

"न्हाई झालं. आन् हुणार बी न्हाई. माझी कापडं कुठं हाईत?"

"आवं, पण झालं काय?"

"ती डाक्टरीण म्हणतीया, पाठीवर झोपा."

"मग?"

"मग काय मग? पाठीवर झोपा म्हणती, हौसा! मला!"

आता ज्याला कुस्ती ठाऊक नाही त्याला हे वेड्याचं बोलणं वाटेल. पण मी हिंदुराव चौगुल्यांची बायको. मला बोलण्यातलं सगळं लख्ख कळलं. कुस्तीत हार एकच असते. दोन्ही खांदे मातीला लागले, पाठ टेकली, की गडी चितपट. आणि आमच्या वस्तादांची पाठ उभ्या हयातीत कुणी लावली नव्हती. मैदानात पुकारणारा त्यांचं नाव घ्यायचा तेसुद्धा तसंच, "ज्याच्या पाठीला मातीनं शिवलं न्हाई, असा ढाण्या वाघ, हिंदुराव चौगुले!" त्याच्यावर हलगी अशी कडाडायची की माझ्या अंगावर काटा यायचा. माझ्या बापानं स्थळ बघताना जमीनजुमला विचारला नाही. म्हणाला, गड्याची पाठ लागली नाही, बास झालं. लग्नानंतर मी बघते तर हा माणूस झोपायचासुद्धा कुशीवर. मला वाटायचं, घोरू नये म्हणून असेल. कसलं काय! सवयच लागली होती अंगाला.

असल्या माणसाला आतड्याचा कॅन्सर झाला. पोटाचं ऑपरेशन झालं, मग केमोचे डोस सुरू झाले. पहिल्या दिवशी सिस्टर त्यांचा हात बघून खूश झाली. "काका, शिरा आहेत का दोरखंड? डोळे मिटून सुई लागेल!" वस्तादांनी मिशीतल्या मिशीत हसून माझ्याकडे बघितलं होतं. पण ते औषध फार जहाल. ज्या शिरेतून जायचं ती शीर आतून करपायची. दोरखंड एकेक करून सुकत गेले. शेवटच्या वेळी औषध शिरेबाहेर गेलं, हात कोपरापर्यंत सुजला आणि कातडी काळीनिळी पडली. सिस्टर दोन्ही हातांवर शीर शोधून शोधून रडकुंडीला आली आणि हेच तिला म्हणाले, "रडू नगंस पोरी, बघ आणि एकदा."

तेव्हा डॉक्टरांनी हातातून औषध द्यायचं बंद केलं आणि आम्हाला मुजावर डॉक्टरीणबाईंकडे पाठवलं. नाझनीन मुजावर. अंगानं चिपाड, उंचीनं माझ्या खांद्याएवढी, पण बोलणं स्वच्छ. तिनं टेबलावर रुपयाच्या नाण्याएवढी एक चकती ठेवली. तिला एक मऊ, बारीक नळी. म्हणाली, "काकू, याला पोर्ट म्हणतात. ही चकती छातीत कातडीखाली बसवायची. ही नळी आतल्या मोठ्या शिरेत सोडायची. मग हाताला सुई नाही. दर वेळी या चकतीवर टोचायचं, औषध सरळ मोठ्या शिरेतल्या रक्तात जातं, शीर जळत नाही." मी विचारलं, "आणि नाही बसवली तर?" तिनं माझ्या नजरेला नजर दिली. "निम्मे डोस राहिलेत. द्यायला जागा उरलेली नाही. डोस अर्ध्यावर सोडले तर आजार परत डोकं वर काढेल."

तर गोष्ट एवढीच होती. पाठ टेकवायची, नाहीतर मरायचं. आणि आमचे वस्ताद एस.टी. गाठायला निघाले होते.

तेवढ्यात ती डॉक्टरीणबाई खोलीतून बाहेर आली. "काकू, काका लघवीला जातो म्हणाले..." मग तिला काका दिसले. बाकावर बसून ते पायात चप्पल सरकवत होते. खाली मान.

त्यांना बोलायचं नव्हतंच, म्हणून मी सांगितलं. सगळं सांगितलं. मला वाटलं, ही शिकलेली पोरगी हसणार. हसली असती तर खरं सांगते, मी तिचा तिथंच पाणउतारा केला असता. पण ती हसली नाही. त्यांच्यासमोर फरशीवर उकिडवी बसली.

"काका, मी कोल्हापूरची आहे. पाठ लागणं म्हणजे काय ते मला माहिती आहे. तुम्ही हे मला आधी सांगायचं होतं."

"सांगायची काय गोष्ट हाय ती?" वस्ताद पुटपुटले.

मी म्हटलं, "बाई, भूल देऊन झोपवा की त्यांना. पोटाच्या वेळी झोपवलं होतंच."

"तेव्हा छाती साफ होती. आता कफ धरलाय. एवढ्याशा कामाला पूर्ण भूल देऊन धोका कशाला घ्यायचा? फक्त तेवढी जागा बधिर करायची, जागेपणी."

"पोटाच्या वक्ताला मी सुदीत नव्हतो," वस्ताद एकदम बोलले. "बेसुद गड्याची कुस्ती धरत न्हाईत. आज मी टक्क जागा. ही पोरगी वरनं वाकली, माझ्या खांद्यावर हात ठेवला आन् म्हणाली, आता हलायचं न्हाई. अंगावर सरकन काटाच आला. पुढं कसा उठलो, कसा भाईर आलो, मलाच कळलं न्हाई."

"बसवून नाही का करता येत?" मी विचारलं.

"नाही हो काकू. बसवून केलं तर नळीतून शिरेत हवा ओढली जाऊ शकते. जिवाशी खेळ होईल. पाठ टेकवावीच लागेल." ती उठली. "मी संध्याकाळपर्यंत इथेच आहे. जबरदस्ती करणार नाही. पण काका, घरी जाऊ नका."

ती गेली आणि मग माझं तोंड सुटलं. इतकी वर्षं नांदले, पण भर दवाखान्यात नवऱ्याला एवढं कधी बोलले नव्हते. "तुमच्या पाठीला काय हिरेमाणकं जडवलीत? मेल्यावर तिरडीवर कुठल्या अंगावर निजणार आहात? का तिथंही कुशीवर ठेवायचं तुम्हाला?"

त्यावर ते एवढंच म्हणाले, "मेल्याव मी जिता नसंन." दगडावर पाणी ओतायचं आणि दगड ओला झाला म्हणायचं.

पण त्यांचे डोळे बघितले आणि माझा राग पातळ झाला. ते हट्टानं बसले नव्हते. घाबरले होते. भलेभले अंगावर घेणारा माणूस, गुडघ्यांवर हात ठेवून लहान पोरासारखा बसला होता. हे काम माझ्या बोलण्यानं होणारं नव्हतं. कुस्तीतला पेच कुस्तीवाल्यानंच सोडवायचा. मी जिन्याखाली गेले, पिशवीतून मोबाईल काढला आणि शिवगोंडा पाटलांना फोन लावला.

शिवगोंडा शिरोळकडचे. तरणेपणी कोल्हापूरच्या मैदानात त्यांची आणि वस्तादांची निकाली कुस्ती झाली होती. तासभर कुणी कुणाला आवरेना. शेवटी वस्तादांनी खाली घेऊन घिस्सा डाव मारला आणि शिवगोंडांना चितपट केलं. त्या एका कुस्तीवर वस्तादांचं नाव झालं. पुढे शिवगोंडा दर जत्रेला आमच्याकडे जेवायला यायचे आणि वस्ताद त्यांना स्वतः वाढायचे. पण त्या कुस्तीचा विषय त्या दोघांत कधी निघाला नाही. मी फोनवर रडतच सगळं सांगितलं. पलीकडून नुसतं, "ठेव वैनी. आलोच."

दुपार कलायच्या आत आले. पोराच्या फटफटीवर मागं बसून आले होते. अंगानं अजून दार अडवतील एवढे, दोन्ही कान कुस्तीनं फुटून पुरीसारखे गोल झालेले, हातात पितळी डब्यात म्हशीचा खरवस. डबा माझ्याकडे दिला आणि वस्तादांच्या शेजारी बाकावर बसले. बाक करकरला. दोघांनीही समोरच्या भिंतीकडे नजर लावली.

"झगा शोभतोय तुला," शिवगोंडा म्हणाले.

"गप बस."

"पाठीवर झोपायला सांगितलं म्हणं."

वस्तादांनी माझ्याकडे जळजळीत बघितलं. मी खरवसाच्या डब्याचं झाकण घट्ट करत बसले.

"हिंदुराव, तुला हे कळायचं न्हाई. तुझी कधी लागली न्हाई. मला इचार. मला म्हाईत हाय." शिवगोंडा भिंतीकडेच बघत बोलत होते. "तू घिस्सा मारलास. माझी पाठ टेकली. आन् तुला सांगू? पहिल्यांदा काय दिसतं? आभाळ. सबंध मैदान तुझ्या नावानं वरडत हुतं आन् मला नुसतं आभाळ दिसत हुतं. मला वाटलं, आता मी मरतोय. मेलो न्हाई. थोड्या वेळानं तहान लागली. ज्याला तहान लागती त्यो काय मेलेला नसतो."

वस्तादांनी डोक्यावरची कागदी टोपी काढून मांडीवर घेतली.

"मग तू वाकलास. हात दिलास. म्हणलास, ऊठ पाटला. आठवतंय?"

"आठवतंय की."

"मग खरं सांग. त्या दिवसापासनं तू मला कमी समजलास?"

"खुळा का काय तू?" वस्ताद एकदम उसळले. "तुझ्यासारखा गडी मी दुसरा बघितला न्हाई. आजबी पोरास्नी सांगतो."

"पाठ लागल्याली असून?"

"पाठीचा काय संबंध?"

हे बोलले मात्र, आणि स्वतःच थबकले. शिवगोंडा हळूच हसले. "तेच म्हणतोय मी. माझ्या पाठीचा संबंध न्हाई, मग तुझीच काय सोन्याची हाय? आन् दुसरं. लांग-लंगोट चढवून मातीच्या हौद्यात उतरल्यावर, हात मिळवायच्या आधीच जो पळून जातो, त्याला आपुन तालमीत काय म्हणतो?"

ते काय म्हणतात हे मला माहीत आहे. बाईमाणसानं तोंडानं बोलू नये असा शब्द आहे. वस्तादांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. अंगातल्या हिरव्या झग्याकडे त्यांनी खाली बघितलं. मग चपला काढल्या, बाकाखाली सारल्या आणि उठून उभे राहिले.

"हौसा, नाड्या बांध मागच्या. नीट बांध."

मी बांधल्या. गाठ घट्ट मारली.

डॉक्टरीणबाई दारातच आली होती. वस्ताद उंबऱ्याशी थांबले. वाकून त्यांनी फरशीला हात लावला, तो कपाळाला लावला. हौद्यात उतरताना मातीला करतात तसंच. मग उजवा हात पुढे केला. कुस्तीआधी दोन्ही गडी एकमेकांना हात देतात, ती सलामी. ती काळीनिळी पडलेली हाताची कातडी. मला वाटलं, या पोरीला कळतंय की नाही. आतली सिस्टर म्हणाली, "मॅडम, हात..."

"अजून धुतलेले नाहीत," ती म्हणाली आणि तिनं हात दिला. तिचा तळवा त्यांच्या तळव्यात दिसेनासा झाला. "काका, कुस्ती सोडायची नाही हं मध्येच."

"न्हाई सोडत," वस्ताद म्हणाले.

दार लागलं. बाहेर शिवगोंडा आणि मी. दोघांनी मिळून अख्खा खरवस संपवला. खायचं सुचलं कसं, देव जाणे, पण काहीतरी तोंडात घातल्याशिवाय बसवेना.

आतलं सगळं मला नंतर सिस्टरनं सांगितलं. म्हणे, ते टेबलावर बसले, एकदा डोळे मिटले आणि आपणहून हळूहळू पाठ टेकवली. कुणी हात लावला नाही. मान डावीकडे वळवायच्या आधी वर बघून म्हणाले, "आभाळ कुठं हाय? नुसता दिवाच दिसतोय." कुणाला काही कळलं नाही. कामभर ते इंचभर हलले नाहीत. टाके पडले, पट्टी लागली, आणि डॉक्टरीणबाई म्हणाली, "झालं काका, उठा." तर हे उठेनात. तिला वाटलं, चक्कर आली की काय. तर पडल्या पडल्या हात वर करून म्हणतात, "हात दे. जितल्याल्या गड्यानं हात द्यायचा असतो." आणि त्या चिपाड पोरीनं दोन्ही हातांनी ओढून आमच्या वस्तादांना उठवलं.

पुढचे डोस त्या चकतीतून गेले. सगळे गेले. केस गळले, मिशा गेल्या, तोंडाची चव गेली, पण हाताला परत सुई लागली नाही. सुजलेला हातही बरा झाला. पुढच्या तपासण्याही चांगल्या आल्या. चकती मात्र डॉक्टरांनी अजून काही दिवस ठेवली होती. उजव्या गळपट्टीच्या हाडाखाली कातडीवर एवढासा उंचवटा दिसायचा. अंघोळ घालताना मी त्याला हात लावायची आणि मनातल्या मनात त्याच्या पाया पडायची.

मग आली आमच्या गावची जत्रा. आमच्या मैदानात बायका उतरत नाहीत. आम्ही शाळेच्या गच्चीवरून बघतो. त्या वर्षी वस्तादांनी मुजावर बाईंना मुद्दाम बोलावलं होतं, म्हणून ती माझ्या शेजारी गच्चीवर उन्हात बसली होती, डोक्यावर ओढणी घेऊन. खाली शिवगोंडा पाहुण्यांच्या रांगेत. पुकारणाऱ्यानं माईक घेतला. "आता आपल्या म्होरं येत हाईत, ज्यांच्या पाठीला मातीनं कधी शिवलं न्हाई, असे ढाण्या वाघ..."

"थांब," वस्ताद म्हणाले.

हलगी अर्ध्यात थांबली. वस्तादांनी माईक ओढून घेतला. ओठावर मिशा पुन्हा फुटलेल्या, डोक्याला फेटा.

"त्ये चुकीचं हाय," ते म्हणाले. "माझी पाठ लागलीया."

खाली गलका उडाला. म्हातारे म्हातारे पैलवान उठून उभे राहिले. कोण, कुठला, कधी? एक जण तर ओरडला, "नाव सांगा वस्ताद त्याचं!"

"सांगतो की. नाझनीन मुजावर." त्यांनी गच्चीकडे हात केला. "हितंच बसलीया. पोरी, खाली ये. हौसा, तू बी ये तिच्यासंगं."

बायकांनी हौद्याच्या कडेलाही जायचं नसतं, आणि हे भर मैदानात बोलावत होते. पण ती पोरगी उठली, तशी मीही उठले. माणसं बाजूला सरत गेली. तिनं काठावर चपला काढल्या, मातीला हात लावून कपाळाला लावला, हे मी या डोळ्यांनी बघितलं. मग वस्तादांनी सदऱ्याची गुंडी काढली आणि उजव्या बाजूची छाती उघडी केली.

"माझ्या घरात बिल्ल्यांची माळ हाय. सगळे बिल्ले जितून आणल्याले. ह्यो येवढाच एक बिल्ला मी हरून मिळवला, आन् त्यो कातडीखाली हाय. ह्याच्यामुळं मी आज हितं हुबा हाय. आजपस्तोर पोरास्नी मी सांगत आलो, पाठ लावून घिऊ नगा. आज आणि एक सांगतो. लागली तर लागूं द्या. पर हौदा सोडून पळू नगा. मी पळालो हुतो. मला परत धाडला ह्या शिवगोंडा पाटलानं. ज्याला मी चित केलं हुतं, त्यानंच."

त्यांनी आपल्या डोक्यावरचा फेटा उतरवला आणि तिच्या डोक्यावर ठेवला. एवढ्याशा डोक्यावर तो राहतोय होय! डोळ्यांवर आला. तिनं सावरायला हात वर केला तर म्हणाले, "काढू नगंस." मग हलगी अशी सुटली, अशी सुटली, की शाळेच्या वळचणीची कबुतरं उडाली. शिवगोंडा एवढा मोठा गडी, उपरण्यानं डोळे पुसत होते. खोटं कशाला बोलू, इतकी वर्षं मी न हरलेल्या गड्याची बायको म्हणून मिरवले होते, पण त्या दिवशी माझी मान जेवढी ताठ झाली तेवढी आधी कधी झाली नव्हती.

मैदान संपलं. माणसं पांगली, पाहुणे जेवायला गेले. दिवस मावळायला आला होता. मी चपला शोधत होते, तर वस्ताद एकटेच हौद्यात उभे. मग खाली बसले. मग हळूच, एक हात टेकवून, लाल मातीत पाठीवर आडवे झाले. दोन्ही हात पसरून.

"आवं!" मी धावले. "काय हुतंय?"

"काय न्हाई. बस हितं."

मी मातीत बसले. माती अजून ऊन होती, तेलाचा आणि हळदीचा वास येत होता. त्यांनी डोळे सताड उघडे ठेवले होते.

"शिवगोंडा खरं बोलत हुता," ते म्हणाले. "दिसतंय."

"काय?"

"आभाळ. लई मोठं हाय गं हौसा. कधी सांगितलं न्हाईस."

"तुम्ही कधी वर बघितलंत?" मी म्हटलं.

ते हसले आणि पडल्या पडल्या हात वर केला. "दे हात."

मी दिला. पण त्यांना लगेच उठायचं नव्हतं, म्हणून मी त्यांचा हात तसाच धरून बसले.